‘दिवस’ शब्दाचे अर्थ आणि जुन्या कागदांतील वेळेचा निर्णय

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें वाचूं लागणारास पहिली अडचण मोडी लिपीची पडते, दुसरी फारसी शब्दांची. या दोन्ही अडचणी अंगावर येतात म्हणून त्यांचा परिहार शोधण्याची बुद्धि तरी होते. परंतु जो शब्द आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे, ज्याचा अर्थ कोशांत पाहण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं, तोच पुष्कळ वेळां फसवितो. ‘दिवस’ हा असा एक शब्द आहे. “प्रहर दिवस चढल्यावर निघालों”, “चार घटका दिवस राहिला असतां येऊन पोंचलों” अशा धर्तीचीं वाक्यें पत्रांतून व बखरींतून नित्य आढळतात. त्यांतील ‘दिवस’ म्हणजे नक्की काय, तो कोठून मोजावयाचा, आणि आजच्या घड्याळाशीं त्याचा मेळ कसा घालावयाचा, यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. या विषयाकडे मी वळलों तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें. ती चूक शेवटीं सांगेन.

२. ‘दिवस’ शब्दाचे तीन अर्थ

मराठींत ‘दिवस’ या शब्दाचे ठळक अर्थ तीन. पहिला, साक्षात् सूर्य. दिवस उगवला, दिवस वर आला, दिवस डोक्यावर आला, दिवस कलला, दिवस मावळला, या सर्व प्रयोगांत कर्ता सूर्यच आहे. कालाचा एकादा भाग ‘डोक्यावर’ येत नसतो. आमच्या आंजर्ल्यास पूर्वेकडे डोंगर व पश्चिमेकडे उघडा समुद्र. त्यामुळें येथें दिवस उगवतांना सहसा कोणी पाहत नाहीं, पण बुडतांना सारा गांव पाहतो. येथला माणूस ‘दिवस बुडाला’ म्हणतो तेव्हां तो समुद्रांत गेलेल्या बिंबाविषयीं बोलत असतो. दुसरा अर्थ, सूर्य क्षितिजावर असेपर्यंतचा उजेडाचा काळ, म्हणजे रात्रीच्या उलट तो दिवस. ‘दिवसा’, ‘भरदिवसा’, ‘दिवसाउजेडीं’, ‘दिवसाढवळ्या’ हे शब्द या अर्थाचे. तिसरा अर्थ, रात्रीसह साठ घटकांचें अहोरात्र. ‘पंधरा दिवसांनीं येतों’ यांतील दिवस तो हा. यांखेरीज दिवस जाणें, दिवस भरणें, दिवस पालटणें, मृताचे दिवस करणें हे लाक्षणिक प्रयोग, आणि जुन्या पत्रांतील ‘दिवसगत’ म्हणजे विलंब, हे सर्व तिसऱ्या अर्थांतून निघाले आहेत.

ही संदिग्धता मराठीनें नव्यानें निर्माण केलेली नाहीं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील नवव्या सूक्ताच्या प्रारंभीं ‘अहन्’ हा शब्द दोनदां योजिला असून एक अहन् कृष्ण व दुसरें अर्जुन, म्हणजे एक काळें व एक पांढरें, असें म्हटलें आहे. काळें अहन् ती रात्र व पांढरें अहन् तो उजेडाचा दिवस. अर्थात् एकच शब्द पूर्ण अहोरात्राच्या दोन्ही अर्धांना लावून त्यांतील भेद रंगानें दाखविण्याची पद्धत तितकी जुनी आहे. येथें ‘दिवसाढवळ्या’ या आपल्या शब्दाची आठवण सहज होते. ढवळा हा ‘धवल’ शब्दाचा तद्भव. तेव्हां दिवसाढवळ्या म्हणजे पांढऱ्या दिवसांत, काळ्या दिवसांत नव्हे. वेदांतील ‘अर्जुन’ विशेषणापासून मराठीतील ‘ढवळ्या’ निघाला असें सुचविण्याचा हेतु नाहीं; परंतु जी गरज वेदकालीन कवीस भासली तीच मराठी बोलणाऱ्यासहि भासली, आणि दोघांनीं ती एकाच युक्तीनें भागविली, एवढें खास.

अमरकोशांतील कालवर्गांत घस्र, दिन, अहन्, दिवस व वासर असे दिवसाचे पर्याय दिले आहेत. उजेडाचे शब्द त्याच कोशांत निराळ्या स्थळीं असून तेथें प्रकाश, द्योत व आतप एकत्र मोजले आहेत. म्हणजे कोशकारानें काल व उजेड यांची वांटणी केली. बोलणाऱ्यांनीं ती पाळली नाहीं. ‘दिवस’ हा शब्द ज्या ‘दिव्’ या प्रकाशवाचक शब्दाच्या परिवारांतला आहे त्यांतच द्यौः व देव हे शब्दहि येतात. तेव्हां उजेड हा दिवसाच्या मूळ अर्थांतच आहे.

३. उजेडाचे शब्द व ध्वनिसाम्याचा मोह

उजेडाच्या मराठी शब्दांत ‘ऊन’ हा शब्द मोठा मनोरंजक आहे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, त्यापासून मराठी ‘ऊन’. आणि उष्णकाल तो उन्हाळा. शब्दाचा मूळ अर्थ केवळ उष्णता. तो अर्थ ऊन पाणी, ऊन भात या प्रयोगांत विशेषणरूपानें अद्याप टिकला आहे. नामरूपानें मात्र तोच शब्द सूर्याच्या उजेडास लागला, इतका कीं माघांतील सकाळच्या थंड उजेडासहि आपण कोवळें ऊन म्हणतों आणि त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. उष्णतेवरून उजेड, आणि उजेडावरून पुन्हां काळ: ‘उन्हें कललीं’ म्हणजे दुपार टळली. कोंकणांतील घरांत तर ऊन हें मापहि आहे. आंबोशी, सोलें, सांडगे, फणसाचीं साटें यांस दोन उन्हें दिलीं, तीन उन्हें दाखविलीं, असें बायका म्हणतात. तेथें एक ऊन म्हणजे एक वार नव्हे किंवा अमुक तासहि नव्हेत. पदार्थ ज्या दिवशीं खरोखर उन्हांत राहिला तो एक उजेडाचा दिवस. मध्यें आभाळ आलें तर वार जातो, ऊन मोजलें जात नाहीं. जुन्या कागदांतील ‘दिवस’ बहुधा याच जातीचा असतो, हें ध्यानांत ठेवावें.

‘उजेड’ शब्दाचें जुनें रूप ‘उजिवड’ असें ज्ञानेश्वरींत आढळतें. ‘उजळ’ हा ‘उज्ज्वल’ शब्दापासून सरळ आला आहे. परंतु ‘उजाडणें’ म्हणजे सकाळ होणें आणि ‘उजाड’ म्हणजे ओसाड, यांतील ध्वनिसाम्य पाहून दोहोंचा अर्थ एकांत घुसडूं नये. तसेंच संस्कृत ‘दिवा’ हें अव्यय, ज्याचा अर्थ ‘दिवसास’ असून ज्यापासून दिवाकर शब्द सिद्ध होतो, आणि मराठी ‘दिवा’ हें नाम, जें ‘दीप’ शब्दापासून झालें, हीं परस्परांहून भिन्न आहेत. एक सूर्याचा उजेड सांगतो, दुसरा सूर्य गेल्यावर लागतो. लॅटिन भाषेंतील ‘दिएस्’ हा दिवसवाचक शब्द आपल्या ‘दिवस’ शब्दाचा सगोत्र आहे; पण इंग्रजी ‘डे’ मात्र, अर्थ तोच व ध्वनि जवळचा असूनहि, त्या कुळांतला नाहीं. ध्वनिसाम्याच्या मोहांतून मोठे मोठे आचार्यहि सुटले नाहींत. वराहमिहिरानें बृहज्जातकांत ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’ या शब्दाचीं आद्य व अंत्य अक्षरें गाळून झाला असें मत नमूद केलें आहे. वस्तुतः तो ग्रीकांचा ‘होरा’ शब्द असून इंग्रजी ‘अवर’ त्याचाच वंशज आहे.

४. घटका व प्रहर

आतां मोजणीकडे वळूं. अहोरात्राच्या साठ घटका. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटें. एका घटकेचीं साठ पळें. घटका मोजण्याचें साधन घटिकापात्र. बुडाशीं सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली असतां ती भरून बुडावयास जो काळ लागतो ती घटका. लग्नाच्या वेळीं हें पात्र मांडण्याची चाल आपल्याकडे होती, व कोठें कोठें अजून आहे. पात्राला उन्हाळा-हिवाळा कळत नाहीं, म्हणून घटका सर्व ऋतूंत सारखी.

प्रहराची गोष्ट निराळी. दिनमानाचा चौथा भाग तो दिवसाचा प्रहर आणि रात्रिमानाचा चौथा भाग तो रात्रीचा. दिनमान वाढलें कीं दिवसाचा प्रहर वाढतो, रात्रीचा घटतो. दोन प्रहर झाले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, मग मास कोणताहि असो. ‘दुपार’ हा शब्द त्यावरूनच झाला आहे. परंतु पहिला व तिसरा प्रहर संपण्याची वेळ ऋतूप्रमाणें व स्थलाप्रमाणें सरकते. प्रहर म्हणजे तीन तास ही शाळेंत शिकविली जाणारी व्याख्या विषुवदिनापुरती बरोबर आहे. तीच मीं कित्येक वर्षें मुलांस शिकविली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आंजर्ल्यापुरतें हें किती सरकतें, याचा हिशेब करण्यास जुन्या करणग्रंथांतील रीत पुरेशी आहे. आपल्याच कोंकणांत नांदगांव येथें होऊन गेलेल्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचला. त्या परंपरेंतल्या पंचांगकर्त्यांस दुर्बीण लागत नसे. बारा अंगुळांचा शंकु पुरे होई. विषुवदिनीं मध्याह्नीं त्या शंकूची जी सावली पडते ती पलभा. एका मार्च महिन्यांत शाळेच्या अंगणांत मुलांकडून मीं ती मोजविली. चार अंगुळांस किंचित् कमी भरली. आंजर्ल्याचे अक्षांश सुमारें १७ अंश ५१ कला असल्यानें ती गणितानें ३ अंगुळें ५२ व्यंगुळें यावयास हवी. पलभेस अनुक्रमें दहांनीं, आठांनीं व दहांच्या तृतीयांशानें गुणिलें म्हणजे तीन चरखंडें येतात. त्यांची बेरीज आमच्या गांवीं सुमारें ८२ पळें होते. ही बेरीज दुप्पट करून तीस घटकांत मिळविली म्हणजे सर्वांत मोठें दिनमान ३२ घटका ४४ पळें, आणि वजा केली म्हणजे सर्वांत लहान २७ घटका १६ पळें. आधुनिक त्रिकोणमितीनें केलेला हिशेबहि १३ तास ४ मिनिटें व १० तास ५६ मिनिटें असाच येतो; वातावरणांतील वक्रीभवनामुळें प्रत्यक्ष उजेड त्याहून सहासात मिनिटें अधिक मिळतो. तेव्हां आंजर्ल्यांत दिवसाचा प्रहर ज्येष्ठ-आषाढांत ३ तास १६ मिनिटांचा, तर मार्गशीर्ष-पौषांत २ तास ४४ मिनिटांचा असतो.

५. पानिपतचें उदाहरण

जसजसें उत्तरेस जावें तसतसा हा फरक वाढतो. मराठ्यांचीं पत्रें कावेरीपासून अटकेपर्यंतच्या मुलखांतून लिहिलेलीं असल्यानें ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पानिपतची लढाई बुधवार, पौष शुद्ध ८ शके १६८२, इंग्रजी १४ जानेवारी १७६१ या दिवशीं झाली. पानिपतचे अक्षांश सुमारें २९ अंश २३ कला, आणि सूर्य त्या दिवशीं विषुववृत्ताच्या दक्षिणेस एकवीस अंशांहून अधिक. गणित केलें असतां त्या दिवसाचें दिनमान तेथें १० तास १८ मिनिटें, म्हणजे पाऊणेसव्वीस घटका येतें. त्याच दिवशीं कोंकणांत तें ११ तास २ मिनिटें होतें. दक्षिणेंतून गेलेल्या सैन्यास घरच्यापेक्षां जवळ जवळ दोन घटकांनीं लहान दिवस त्या रणभूमीवर मिळाला.

आतां समजा, त्या दिवसाविषयीं एकाद्या कागदांत ‘चार घटका दिवस राहिला असतां’ असा उल्लेख आला. सूर्यास्त सहा वाजतां धरणारा वाचक मागें ९६ मिनिटें मोजून ४ वाजून २४ मिनिटें असें लिहील. वस्तुतः तेथें त्या दिवशीं सूर्यकालमानानें सूर्यास्त ५ वाजून ९ मिनिटांनीं झाला. म्हणून खरी वेळ ३ वाजून ३३ मिनिटें. ज्येष्ठाच्या अखेरीस आंजर्ल्याहून लिहिलेल्या पत्रांत तेच शब्द आले तर वेळ ४ वाजून ५६ मिनिटें होईल. शब्द तेच, पण वेळेंत तेवीस मिनिटें व एक तास इतकें अंतर. ‘प्रहर दिवस चढला’ याचेंहि तसेंच. पानिपतास त्या दिवशीं तो क्षण ९ वाजून २५ मिनिटांचा, तर आमच्याकडे जूनच्या उत्तरार्धांत ८ वाजून ४४ मिनिटांचा. सकाळीं सुरू झालेली व तिसऱ्या प्रहरीं मोड झालेली ही लढाई. एवढ्या थोड्या अवकाशांत कोणती तुकडी कोणाच्या आधीं हलली यावर इतिहासकारांचे वाद चालतात. तेथें पाऊण तासाची चूक क्षुल्लक मानतां येत नाहीं.

यावरून दोन नियम निघतात. ‘चढला’, ‘आला’, ‘झाला’ अशीं क्रियापदें असतां मोजणी सूर्योदयापासून पुढें. ‘राहिला’, ‘उरला’, ‘शेष’ असे शब्द असतां सूर्यास्तापासून मागें. आणि दोन्ही टोंकें त्या स्थळाचीं व त्या तिथीचीं घ्यावयाचीं, सहाच्या ठोक्याचीं नव्हेत. यास एक पुरवणीहि जोडली पाहिजे. घोड्यावरून उतरून पत्र लिहिणाऱ्या कारकुनापुढें घटिकापात्र नसे. तो आकाशाकडे पाहून अंदाज करी. म्हणून उत्तर मिनिटापर्यंत काढून त्यावर इमारत रचूं नये. गणितानें ऋतूची व स्थळाची चूक जाते. लिहिणाऱ्याच्या अंदाजाची जात नाहीं.

घड्याळाविषयींहि सावध असावें. वर दिलेल्या वेळा सूर्याच्या आहेत. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, ती साडेब्यायशीं अंश रेखांशाची. आंजर्लें सुमारें ७३ अंशांवर असल्यानें येथें सूर्य घड्याळाच्या मागें सरासरीनें ३७-३८ मिनिटें असतो. यामुळें जानेवारींत आमचा सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. आजचें छापील सूर्योदयाचें कोष्टक जुन्या प्रसंगास जसेंच्या तसें लावणाऱ्यानें हें अंतर विसरूं नये.

६. दिवसाचे चार आरंभ

येथवर उजेडाच्या दिवसाचा विचार झाला. अहोरात्र या अर्थी जो दिवस त्याचा आरंभ कोठें, हा याहूनहि नाजूक प्रश्न आहे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, आणि सूर्योदयीं जी तिथि असेल ती त्या दिवसाची. मुसलमानी तारीख सूर्यास्तापासून सुरू होते. त्यांत रात्र आधीं व उजेड मागाहून. इंग्रजी तारीख मध्यरात्रीं पालटते. आणि चौथा आरंभ मध्याह्नींचा. इंग्रज खलाशी आपला नाविक दिवस, ज्या तारखेचा तो असेल तिच्या आधल्या मध्याह्नापासून मोजीत. त्यांच्या आरमारांतून ही चाल १८०५ सालीं काढून टाकण्यांत आली. आमच्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळाजवळ उभें राहिलें असतां समोर सुवर्णदुर्ग दिसतो. एप्रिल १७५५ मध्यें कमोडोर जेम्स यानें तुळाजी आंग्ऱ्याकडून तो घेतला. त्या मोहिमेचा विचार करतांना एकच दुपार जहाजावरच्या रोजनिशींत एका तारखेची व किनाऱ्यावरील इंग्रजी पत्रांत आधल्या तारखेची असूं शकते, हें अभ्यासकानें मनांत बाळगलें पाहिजे. नाहींतर दोन साधनांत विरोध नसतां विरोध दिसूं लागतो आणि एकास खोटें ठरविण्याचा प्रसंग येतो.

या विविधतेचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या ज्योतिषांतहि आर्यभटाच्या नांवावर औदयिक व आर्धरात्रिक अशा दोन पद्धति आहेत. एकींत अहर्गण सूर्योदयापासून, दुसरींत मध्यरात्रीपासून.

शिवचरित्रांतील एक प्रसिद्ध प्रसंग घेऊं. पुण्याच्या लाल महालांत शाएस्तेखानावर छापा पडला तो शके १५८५ चैत्र शुद्ध ८ रविवार या दिवशींच्या रात्रीं. इंग्रजी तारीख ५ एप्रिल १६६३ देतात, व त्या तारखेस रविवार बरोबर मिळतो. परंतु मध्यरात्रीनंतर जें घडलें तें इंग्रजी मोजणीनें ६ एप्रिल, सोमवार. हिंदु मोजणीनें उजाडेपर्यंत रविवारच. आणि तो रमजान महिना असल्यानें मुसलमानी मोजणीनें सूर्यास्तालाच नवी तारीख लागलेली. एका रात्रीस तीन नांवें, आणि तिन्ही खरीं. सिंहगड घेतला त्या माघ वद्य ९ शके १५९१, शुक्रवारच्या रात्रीसहि हेंच लागू. ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख त्या दिवसाच्या उजेडाची आहे, मध्यरात्रीनंतरच्या अंधाराची नव्हे.

तिथीचा येथें आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे रात्रीच्या उजेडाचा. शुद्ध अष्टमीचें चांदणें सुमारें मध्यरात्रीपर्यंत असतें, पुढें अंधार. वद्य नवमीस त्याच्या उलट, आधीं अंधार व मध्यरात्र टळल्यावर चंद्रोदय. तारखेवरून हें दिसत नाहीं. तिथि लिहिणारानें मात्र न सांगतां सांगितलेलें असतें.

हीं कोष्टकें बसविण्याचें काम आमच्या शेजारच्याच गांवच्या एका पुरुषानें पुष्कळसें करून ठेविलें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ सालीं हर्णैपलीकडील मुरूड येथें झाला. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा इतिहास १८९६ सालीं निघाला व त्याच वर्षीं रॉबर्ट सूएल यांच्यासह रचलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथहि. १८९८ सालीं ते वारले. स्वामीकन्नू पिळ्ळै यांचें ‘इंडियन एफिमेरिस’ १९२२ चें. या ग्रंथांतील कोष्टकें तिथीस जी इंग्रजी तारीख जोडतात ती सूर्योदयाच्या नात्यानें. जंत्री चुकत नाहीं. रात्रीचा प्रसंग घेऊन जंत्रीकडे जाणारा चुकतो.

७. धर्म व कायदा

उजेडाच्या दिवसाचें महत्त्व केवळ कागद वाचणाऱ्यापुरतें आहे असें नाहीं. धर्मशास्त्रांत दिनमानाचे पांच भाग केले आहेत: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न. श्राद्धाची तिथि अपराह्णव्यापिनी पाहावयाची, गणेशचतुर्थी मध्याह्नव्यापिनी. म्हणजे सण कोणत्या वारीं करावा हा निर्णय उजेडाची वांटणी केल्यावांचून होत नाहीं, व ती वांटणी गांवागणिक किंचित् निराळी.

कायद्यानेंहि उजेड अगदीं सोडलेला नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत रात्रींचें घरफोडीचें कृत्य सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं झालें असेल तर तें निराळें व अधिक गंभीर मानिलें होतें. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तींतहि सूर्यास्त-सूर्योदयाचीच मर्यादा आहे. स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं, अपवादात्मक प्रसंग वगळतां, अटक करूं नये हा नियम २००५ च्या दुरुस्तीनें आला व नव्या संहितेंतहि राहिला. गंमत ही कीं फिर्यादींत गुन्ह्याची तारीख मध्यरात्रीच्या हिशेबानें पडते आणि गुन्ह्याचा प्रकार सूर्याच्या हिशेबानें ठरतो. दोन मोजण्या एकाच कागदावर नांदत आहेत, पण सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

८. उपसंहार

आतां माझी चूक. माझी आजी श्रावणांत एका रात्रीं वारली. मध्यरात्र होऊन बराच वेळ झाला होता, पण उजाडलें नव्हतें. वडिलांनीं वंशावळीच्या वहींत तिथि लिहून पुढें ‘सोमवार’ असें लिहिलें. मी तेव्हां नुकताच शाळेंत लागलेला, अस्सल पुराव्याचा अभिमान नवा. जन्ममृत्यूच्या नोंदींत तारीख पाहिली, तिला मंगळवार येत होता. मीं वहींतला सोमवार खोडून मंगळवार केला आणि वडिलांस तसें सांगितलें. ते ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, “अरे, उजाडलं होतं का तेव्हां?” मीं नाहीं म्हटलें. ते पुढें कांहीं बोलले नाहींत, आणि त्यांचा प्रश्न हेंच उत्तर होतें हें समजावयास मला वीस वर्षें लागलीं.

आजीला घड्याळ वाचतां येत नसे. माजघरांत काचेच्या कौलांतून पडणारा कवडसा जात्यापाशीं आला कीं ती पानें मांडी, आणि मधल्या उंबऱ्यावर चढला कीं चहाचें आधण ठेवी. जिचा सारा जन्म उजेडानें मोजला गेला तिच्या मरणाचा वार मीं मध्यरात्रीच्या मापानें बदलला होता. नोंदवहींतील तारीख खोटी नव्हती, वडिलांचा वारहि खोटा नव्हता. खोटी होती ती माझी दुरुस्ती. पुढें जुने कागद वाचतांना तशाच दुरुस्त्या मीं समासांत पुष्कळ केलेल्या आढळल्या. ज्या सांपडल्या त्या खोडल्या.

तात्पर्य, जुन्या कागदांत ‘दिवस’ शब्द आला असतां वाचकानें क्रमानें चार गोष्टी पाहाव्या. हा दिवस सूर्य आहे, उजेड आहे, कीं अहोरात्र? तो चढलेला आहे कीं उरलेला? लिहिणारा कोणत्या स्थळीं व कोणत्या मासांत आहे? आणि प्रसंग रात्रीचा असल्यास, लिहिणाऱ्याच्या मोजणींत नवा दिवस केव्हां लागतो? यांचीं उत्तरें मिळण्यापूर्वीं तारीख बदलूं नये. समासांत शंका लिहून ठेवावी. शंका पुढच्या वाचकास उपयोगी पडते. चुकीची दुरुस्ती मात्र मूळ लिहिणाऱ्याची साक्ष पुसून टाकते, आणि उलट विचारावयास तो हयात नसतो.

आमच्या घरच्या वहींत आतां पुन्हां सोमवार आहे. खालीं बारीक अक्षरांत ‘उजाडण्यापूर्वीं’ एवढा एक शब्द मीं जोडला आहे. इत्यलम्.